खिडकी इथे, प्रोग्राम खालच्या मजल्यावर

(पडद्यावर दोन मोठे डोळे. माउस फिरेल तशी बुबुळं फिरतात.)

हे डोळे बघा. माउस डावीकडे नेला की डावीकडे, वर नेला की वर. प्रोग्रामचं नाव एक्सआईज. तो या जुन्या लॅपटॉपवर नाहीच. तो चालतोय दोन मजले खाली, सर्व्हर रूममधल्या मशीनवर, आणि त्या मशीनला मॉनिटरसुद्धा लावलेला नाही.

१९८४ साली एमआयटीत बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो सिस्टिम, म्हणजे पडद्यावर खिडक्या काढणारी यंत्रणा, बांधली, ती नेटवर्क गृहीत धरूनच. नवखी मुलं हमखास गोंधळतात ती नावांत. इथे सर्व्हर म्हणजे आपल्या समोरचा पडदा, कीबोर्ड आणि माउस सांभाळणारा. खालच्या दांडग्या मशीनवरचा प्रोग्राम हा क्लायंट. तो खिडकी मागतो, आपला पडदा काढून देतो.

पण हे सगळं तारेवरून उघडं जायचं. नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं: दूरच्या मशीनवर कूटबद्ध, बंद वाटेने लॉगिन करून देणारा प्रोग्राम. त्याच बंद वाटेने खिडक्याही येऊ लागल्या.

(टर्मिनल, अगदी जवळून. बोटं कीबोर्डवर.)

खालच्या मशीनवर एसएसएचडी-कॉन्फिग, ही एसएसएचच्या सेटिंगची फाइल. 'एक्स-इलेव्हन फॉरवर्डिंग', म्हणजे खिडक्या पुढे पाठवण्याची सोय, तिच्यापुढे 'यस'. सर्व्हिस रीस्टार्ट. तिथे एक्सऑथ, म्हणजे पडद्याच्या किल्ल्या सांभाळणारं साधन, बसवलेलं हवं. बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. मग लॅपटॉपवरून एसएसएच, डॅश, कॅपिटल एक्स. आत गेल्यावर डिस्प्ले व्हेरिएबल, म्हणजे खिडकी कुठल्या पडद्यावर काढायची ते, विचारलं, तर उत्तर येतं लोकलहोस्ट, १०.०. खऱ्या पडद्यांचे आकडे शून्यापासून सुरू होतात, म्हणून एसएसएच त्यांना जागा सोडून १० पासून मोजतं. त्यामागे नेटवर्कचं दार, पोर्ट ६०१०.

(दोन टर्मिनल शेजारी शेजारी. दोन्हीकडे एक्सऑथची यादी.)

इथे जरा थांबा. या कामातला सगळ्यात देखणा भाग हा आहे. पडद्याची किल्ली म्हणजे १२८ बिटांची मॅजिक कुकी, इथे दिसते ती ३२ अक्षरांची ओळ. डावीकडची ओळ वेगळी, उजवीकडची वेगळी. एसएसएचने खाली पाठवली ती बनावट किल्ली. प्रोग्राम ती घेऊन दाराशी आला की एसएसएच ती ताडून बघतं आणि कुलपाला खरी लावतं. खरी किल्ली या टेबलावरून हललेलीच नाही.

इतकं असताना कुणी 'एक्सहोस्ट प्लस', म्हणजे किल्ली न बघता सगळ्यांना आत घेणारा आदेश, मारून दार सताड उघडं टाकू नये. डॅश एक्सऐवजी डॅश वाय दिलं की खालच्या प्रोग्रामवरचे निर्बंध सुटतात, तो आपण दाबलेल्या कळाही वाचू शकतो. डेबियन आणि उबंटूवर मूळ सेटिंगमध्ये डॅश एक्सही तसंच वागतं.

(पुन्हा डोळे. शेजारी टर्मिनल.)

काम झालं. 'एक्झिट' टाइप केलं, एंटर मारलं. टर्मिनल सुटत नाही. डोळे उघडे आहेत तोवर एसएसएच थांबून राहतं. आता खिडकी बंद केली.

आता सुटलं.