गोळी घेऊन घाट

(वाई येथे रस्ता सुरक्षा सप्ताहात जीपमधून प्रवासी नेणाऱ्या वडाप चालकांसमोर एका औषध दुकानदाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मागच्या मंडळींनी पुढं या, मला ओरडून बोलता येत नाही.

तुम्ही धरूनच आला असाल की हा माणूस दारूवर बोलणार. दारूचं तुम्हाला पाठ आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेली की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. पहिल्या खेपेला १०,००० रुपये दंड, नाहीतर ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मला बोलायचंय ते माझ्या काउंटरवरनं जाणाऱ्या मालाबद्दल.

काही वर्षांपूर्वी एक आण्णा सकाळी दुकानात आले. नाक गळतंय, डोळे लाल. म्हणाले, "डॉक्टर, एक सर्दीची गोळी द्या." आमच्याकडे मेडिकलवाल्यालाही डॉक्टर म्हणतात, आणि आम्हीही ते मुकाट्यानं ऐकून घेतो. मी गोळी दिली, त्यांनी ती माझ्यासमोरच चहाबरोबर घेतली. गाडी बाहेरच उभी होती, आत नऊ-दहा माणसं, टपावर स्ट्रॉबेरीची रिकामी खोकी. मला सगळं दिसत होतं आणि मी काहीही विचारलं नाही. संध्याकाळी आण्णा परत आले, तोंड उतरलेलं. म्हणाले, "पसरणीचा घाट चढलो खरा, पण मधली दोन वळणं आठवतच नाहीत."

कोणाला खरचटलंही नाही, म्हणून तर आज हसत सांगतोय. पण त्या दोन वळणांवर गाडी कोण मारत होतं? ताशी ४० नं जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर पुढं जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे तेहतीस मीटर, आणि पसरणीच्या घाटात तेवढ्यात रस्ता संपून दरी लागते.

त्या गोळीत क्लोरफेनिरामिन होतं. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत ते असतं. नाक सुकवतं आणि मेंदूलाही पेंग आणतं. अंगातनं लवकर उतरत नाही, म्हणून रात्री घेतलेली गोळी सकाळच्या पहिल्या फेरीलाही तुमच्याबरोबर असते. झोपेच्या गोळ्यांचं तर विचारूच नका. डायझेपाम दिवसभर रेंगाळतं. चिंता-झोपेची अल्प्राझोलाम, दुखण्यावरची ट्रामाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध, यांची डॉक्टरांची चिठ्ठी बघून मला वेगळ्या वहीत नोंद करावी लागते आणि ती वही ३ वर्षं जपावी लागते. तरी रोज कोणीतरी म्हणतंच, "चिठ्ठी घरी राहिली, दोनच द्या."

गांजावाल्यांनाही एक सांगतो. इथं कोणी नसेलच म्हणा. डोकं शांत झालं असं वाटतं, पण समोरची गाडी किती लांब आहे हा अंदाज बिघडतो. आणि भांग कायद्यानं गांजात मोडत नाही, म्हणून ती डोक्यात चढत नाही असं नाही.

आता खरी गोम. नाक्यावर पोलीस फुंकायला लावतात ते यंत्र फक्त दारू ओळखतं. गोळी घेतलेला माणूस फुंकतो, शून्य येतं, साहेब म्हणतात जा पुढं. कलम १८५ मध्ये अमली पदार्थही आहेत, पण त्यांना ३० सारखा आकडा नाही. गाडीवर नीट ताबा ठेवता येऊ नये इतका अंमल आहे का, एवढंच बघायचं. रस्त्यात उभं राहून ते कोण बघणार? मागच्या सीटवर पोर मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला तर तुमच्या पाठीखेरीज काही दिसत नाही. कळतं ते फक्त तुम्हाला. आणि थोडंसं मला, म्हणून माझ्याही गळ्यात फास आहे.

उलटही ऐका. फिटची, मनाच्या आजाराची गोळी माझं भाषण ऐकून परस्पर बंद करू नका, ते त्याहून वाईट. डॉक्टरांना एवढंच सांगा, "मी गाडी मारतो." ॲलर्जीच्या सर्दीला फेक्सोफेनाडिनसारखी कमी पेंग आणणारी गोळी असते, थोडे पैसे जास्त पडतात, बोंब मारू नका.

त्या दिवसापासनं मी प्रत्येकाला विचारतो, गाडी मारायची आहे का? काहीजण चिडतात. एकजण म्हणाला, तू मेडिकल चालव, मी गाडी चालवतो. परवा तेच आण्णा आले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "आज पोरगा मारतोय, मी मागं बसतोय. द्या तुमची झोपेची सर्दीची गोळी." दिली. पैसे अजून यायचेत.