कुंडीतला वाफसा

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस सरला आणि ऊन चटके द्यायला लागलं, की आमच्या रोपवाटिकेच्या फाटकाशी सकाळी दोन-तीन जण तरी उभे असतात. हातात एखादी वाकलेली फांदी असते. कुणाच्या मिरचीची, कुणाच्या मोगऱ्याची, कुणाच्या टोमॅटोची. म्हणणं एकच असतं. "ताई, पावसाळाभर कशी टवटवीत होती, आणि चार दिवसांत मान टाकली बघा. पाणी तर रोज न चुकता घालतोय."

मी आधी विचारते, मान किती वाजता टाकते?

हा प्रश्न विचारल्यावर लोक जरा गोंधळतात, पण निम्मं उत्तर त्यातच असतं. झाड मुळांनी जेवढं पाणी उचलतं, त्यातल्या 100 थेंबांपैकी 97-98 थेंब पानांवाटे हवेत निघून जातात. भर दुपारी हा खर्च इतका वाढतो, की माती ओली असली तरी मुळांचा पुरवठा कमी पडतो. मग टोमॅटो, काकडी, दुधी यांची पानं लोंबतात. सहा वाजता ऊन उतरलं, की तीच पानं पुन्हा ताठ होतात. अशा झाडाला काहीही झालेलं नाही. दुपारी त्याची दया येऊन तांब्याभर पाणी ओतलं तर ते उभंही राहतं, पण ते संध्याकाळी आपोआप उभं राहणारच होतं. काळजी करायची ती सकाळी सात वाजता मलूल दिसणाऱ्या झाडाची. रात्रभर विश्रांती मिळाली, पानांवर दव पडलं, तरी मान खालीच असेल, तर बिघाड मुळांपाशी आहे असं समजा.

तेव्हा पाण्याच्या झारीला हात लावण्याआधी मातीला हात लावा. तर्जनी दोन पेरं आत जाऊ द्या. वरची माती पाहून काहीच कळत नाही. ऊन-वाऱ्यानं वर पापुद्रा सुकतो आणि खाली चिखल असतो. कुंडी मोठी असेल तर बांबूची काडी तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा आणि तिला काय चिकटलंय ते बघा. कुंडी लहान असेल तर सरळ उचलून बघा. आठवडाभर रोज उचललीत, की ओली किती जड लागते आणि कोरडी किती हलकी, हे हातालाच कळायला लागतं. मला याहून भरवशाचं यंत्र अजून सापडलेलं नाही.

आपल्या शेतकऱ्याकडे यासाठी एक फार नेमका शब्द आहे, वाफसा. पाऊस पडला म्हणून तो लगेच तिफण घेऊन रानात जात नाही. वाफसा यायची वाट बघतो. मातीच्या कणांमध्ये ओल आहे, पण पोकळ्यांमध्ये हवाही खेळतेय, मूठ वळली तर गोळा होतो आणि बोटानं ढकलला तर फुटतो, ती अवस्था म्हणजे वाफसा. मुळांना पाणी लागतं तसाच प्राणवायूही लागतो. रानात जास्तीचं पाणी खोल झिरपून जाईल, कुंडीत जाणार कुठे? म्हणून कुंडीत वाफसा सांभाळायचं काम आपल्यावर येतं.

बोटाला माती कोरडी लागली, तर गोष्ट सोपी आहे. फक्त एक फसगत सांभाळा. आम्ही रोपवाटिकावाले काळ्या पिशवीत जे रोप देतो, त्याच्या मुळांभोवती लाल मातीचा घट्ट गोळा असतो. तुम्ही घरी नेऊन तो छान भुसभुशीत मिश्रणात लावता. पाणी घातलं की ते भुसभुशीत भागातून भराभर खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. एका ताईंनी अशी लिंबाची कुंडी माझ्याकडे आणली होती. बाहेरची माती हाताला गार, ओली लागत होती. गोळा खुरप्यानं फोडला तर आतून विटेच्या भुग्यासारखी धूळ निघाली, आणि सगळी मुळं त्या धुळीत होती. पाऊण महिना त्या रोज पाणी घालत होत्या आणि झाड तहानेनं मरत होतं. म्हणून लावताना तो गोळा पाण्यात भिजवून बोटांनी कडा मोकळ्या करा. कोकोपीटचंही, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचंही, असंच आहे. ते पुरतं सुकलं की पाणी झिडकारतं. कुंडीच्या कडेला फट पडते, वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून क्षणात तळाशी येतं आणि आपल्याला वाटतं, झाड पोटभर प्यायलं. अशी कुंडी टबात ठेवा, पाणी कुंडीच्या अर्ध्या उंचीपर्यंत येऊ द्या, आणि अर्धा-पाऊण तासानं वरची माती ओलसर झाली की बाहेर काढा.

पण या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कुंड्यांची माती ओली असते. हेच आज मला तुम्हाला पोटतिडकीनं सांगायचंय.

आपल्या कोकणात चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उघड्यावरची कुंडी त्यात चिंब असते. आतल्या मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात, मग कुजतात. तरीही झाड हिरवंगार दिसतं, कारण आभाळ भरलेलं असतं, हवा दमट असते, पानांतून पाणी फारसं उडतच नाही. उरलेल्या चार मुळांवर त्याचं भागून जातं. आणि मग एक दिवस आभाळ मोकळं होतं. ऊन लागतं, पानांचा खर्च दसपट होतो, आणि पुरवठा करायला मुळंच नसतात. झाड मान टाकतं. आपण म्हणतो, ऊन लागलं, पाणी घाला. उरलीसुरली मुळंही आपल्याच हातानं बुडतात. तहानलेलं झाड आणि बुडालेलं झाड लांबून सारखंच दिसतं. जवळून पाहिलंत तर तहानलेल्याचं पान कागदासारखं पातळ, कडेनं कुरकुरीत लागतं. बुडालेल्याचं पान मऊ पडतं, खालची पानं आधी पिवळी होतात आणि मातीला आंबूस वास येतो.

गेल्या वर्षी नवरात्र संपल्यावर ओळखीच्या एका काकूंचा फोन आला. "तुळस रुसली गं, आणि महिन्यावर लग्न आलंय तिचं." मी गेले. गॅलरीत सिमेंटचं वृंदावन, नुकतंच गेरूनं रंगवलेलं. काकू अंघोळ झाली की रोज तांब्याभर पाणी तुळशीला घालणार, कितीही पाऊस असो. एका जन्माची सवय आहे ती, आणि श्रद्धाही. मी वृंदावनाच्या पायथ्याशी भोक शोधायला लागले. होतं, पण लादीवर लाल ओघळ येतात म्हणून कुणीतरी पांढऱ्या सिमेंटनं बुजवून टाकलं होतं. म्हणजे ते वृंदावन नव्हतंच, हौद होता.

तुळस हळूच उपटली. फारसा जोर लागलाच नाही. निरोगी मूळ पांढरं, ताठ असतं, वाकवलं तर कट्कन मोडतं. ही मुळं चहाच्या रंगाची झाली होती. एक चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी निसटून बोटांत आली आणि आत दोऱ्याएवढा धागा उरला. काकूंनी ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "मी रोज घातलं गं," एवढंच म्हणाल्या. मला त्या क्षणी त्यांना काय सांगावं सुचेना. त्या रोज घालत होत्या, हे खरंच होतं.

मुळं निम्मी शाबूत असली तर झाड वाचवता येतं. कुंडीतून गोळा काढायचा, वर्तमानपत्राच्या जाड घड्यांत गुंडाळून रात्रभर सावलीत ठेवायचा म्हणजे कागद पाणी शोषतो, कुजकी मुळं कापायची, वरचा एक तृतीयांश पाला छाटायचा आणि नव्या कोरड्या मिश्रणात, शक्यतो लहान कुंडीत लावायचं. खत मुळीच नाही. आजारी झाडाला खत म्हणजे तापात पुरणपोळी. या तुळशीला मात्र उशीर झाला होता. मंजिरी नसलेले शेंडे खुडून पाण्यात ठेवू म्हटलं, तर काकू म्हणाल्या, आज रविवार, आज तुळस खुडायची नाही. मग सोमवारी सकाळी पाच शेंडे खुडले, चार-चार बोटं लांबीचे, आणि काचेच्या पेल्यात ठेवले.

भोकावरून आठवलं. तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे भरले की निचरा होतो, असं सगळे सांगतात. मीही कित्येक वर्षं सांगत होते. तसं होत नाही. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. ते खडीच्या वर मातीतच अडून राहतं, म्हणजे चिखलाचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापरी पुरे, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती. निचरा मिश्रणातून मिळवायचा. मी दोन वाटे लाल माती, दोन वाटे मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक वाटा कोकोपीट आणि एक वाटा जाड रेती घेते. कुंडीखाली विटेचे दोन तुकडे ठेवून ती जमिनीपासून उचला, आणि थाळीत साठलेलं पाणी फेकून द्या.

शेणखत मुरलेलंच हवं, हे मुद्दाम सांगते. कच्च्या शेणातून हुमणीची अळी येते. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली. ती मुळं कुरतडते आणि वरून आपण पाण्याचा हिशेब करत बसतो. युरियाची मूठ जास्त पडली तरी ओल्या मातीत झाड सुकतं. तेव्हा मात्र भरपूर पाणी घालून तळातून वाहू द्यायचं, क्षार धुऊन निघतात.

आणि एक दुखणं असं, ज्यात पाण्याचा काही दोष नसतो. वांगं, टोमॅटो, मिरची यांचं हिरवंगार झाड, एकही पान पिवळं न पडता, दोन-तीन दिवसांत कोसळतं. हा जिवाणूजन्य मर रोग. कोकणातल्या उबदार, आम्लधर्मी मातीत तो फार. ओळखायची रीत घरच्या घरी करता येते. खोडाचा मातीलगतचा वीतभर तुकडा कापा आणि स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात, कापलेलं टोक बुडेल असा, न हलवता धरा. काही मिनिटांत त्या टोकातून दुधासारखी पांढरी धार खाली उतरताना दिसली, तर तो मर. यावर औषध नाही. झाड मातीसकट बाहेर काढा, कंपोस्टात टाकू नका, त्या कुंडीतली माती दुसऱ्या कुंडीत मिसळू नका, खुरपं धुऊन घ्या. पुढच्या वेळी प्रतिकारक वाण लावा. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा टोमॅटो या रोगाला दाद देत नाही.

काकूंच्या पेल्यातल्या पाचपैकी तीन शेंड्यांना दहा-बारा दिवसांत पांढरी मुळं फुटली. दरम्यान त्यांच्या मुलानं ड्रिलनं वृंदावनाला तीन भोकं पाडून दिली, खाली एक पसरट ताटली आली, लादीचाही प्रश्न मिटला. तुळशीच्या लग्नाला नवरी वीतभरच होती, पण ताठ उभी होती.

रोजच्या पाण्याचं काय करायचं, यावर मी काही बोलले नव्हते. मार्ग काकूंनीच काढला. आता त्या अंघोळीनंतर पूजेतली पळी घेतात, तुळशीला पळीभर पाणी घालतात, हात जोडतात, आणि तांब्यातलं बाकीचं पाणी जिन्याशेजारच्या जास्वंदीला जातं. पोटभर पाणी तुळशीला मिळतं ते दोन पेरं बोट आत घालून पाहिल्यावरच.

नमस्कार.