छातीत जळजळ: आम्ल वर का येतं आणि ते खाली कसं ठेवायचं

नमस्कार मंडळी. आज छातीतल्या जळजळीबद्दल बोलायचंय, पण आधी एक सांगून टाकतो. छातीत दाबल्यासारखं होतंय, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जातेय, दरदरून घाम फुटलाय, धाप लागतेय, असं असेल तर ‘गॅसेस असतील’ म्हणून घरी बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा. हृदयाचा झटका आहे की नुसती जळजळ, हे तपासणीशिवाय डॉक्टरांनाही नेहमी सांगता येत नाही.

आता जळजळीकडे वळू. बहुतेकांना वाटतं, आम्ल जास्त झालं म्हणून त्रास होतोय. अहो, जठरात आम्ल असायलाच हवं. निरोगी माणसाचं जठरही दिवसाला दीड-दोन लिटर जठररस तयार करतं. जठराला आतून त्यापासून जपणारा चिकट थर असतो, अन्ननलिकेला तसं संरक्षण नसतं. त्यामुळे तेच आम्ल वर चढलं की आग होते.

हे चित्र बघा. ही अन्ननलिका, साधारण 25 सेंटीमीटर लांब. जठराला मिळते तिथे हा स्नायूंचा वळसा आहे, 3-4 सेंटीमीटरचा. घास आला की तो सैल होतो, गेला की आवळतो. पण जठर तट्ट फुगलं की तो अधूनमधून आपणहून सैल होतो, आतली हवा सुटावी म्हणून. तोच आपला ढेकर. हवेसोबत थोडं आम्लही वर येतं, आणि एवढं सगळ्यांनाच होतं. आकंठ जेवलात की हे वारंवार होतं. पोटाचा घेर, गर्भारपण, घट्ट पट्टा यांनी खालून दाब वाढतो. सिगारेटने वळसा ढिला पडतो. काहींच्या जठराचा वरचा भाग श्वासपटलातून छातीत सरकलेला असतो, त्याला हायटस हर्निया म्हणतात.

रात्रीचा त्रास मात्र वेगळा, आणि माझ्या मते लक्ष तिथेच द्यायला हवं. दिवसा वर आलेलं आम्ल खाली ओढायला गुरुत्वाकर्षण असतं, शिवाय आपण सारखी लाळ गिळत असतो आणि ती आम्ल धुऊन नेते. झोपेत लाळ कमी होते, गिळणंही जवळजवळ थांबतं. मग वर आलेलं आम्ल तिथेच मुक्काम ठोकतं. म्हणून शेवटचं जेवण आणि झोप यांत किमान दोन-तीन तास जाऊ द्या. झोपताना डाव्या कुशीवर वळा. त्या स्थितीत जठरातलं आम्ल अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतं. आणि उशांची चवड रचू नका! नुसती मान वर होते, कंबरेत घडी पडते, पोटावर दाब येतो. त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली पक्के ठोकळे ठेवा, 15 ते 20 सेंटीमीटर उंचीचे. पलंग हलत नाही ना, ते बघून घ्या.

खाण्याच्या याद्या तुम्ही पाहिल्याच असतील: तळलेलं, चॉकलेट, कॉफी, पुदिना, दारू. सगळं एकदम सोडायची गरज नाही. कशाने त्रास होतो ते आठवडा-दोन आठवडे लिहून ठेवा आणि तेवढंच टाळा. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने मात्र बऱ्याच जणांना खरंच फरक पडतो. दुधाने घटकाभर गार वाटतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम पुन्हा आम्ल सुटायला लावतात.

गोळ्यांचं काय? साधी अँटासिड आलेलं आम्ल मारते, तेही थोडाच वेळ. ओमेप्राझोलसारख्या गोळ्या आम्ल तयार होणंच कमी करतात, पण त्या जेवणाआधी अर्धा-एक तास घ्याव्या लागतात. जेवणानंतर घेऊन ‘काही फरक नाही’ म्हणणारे खूप भेटतात. बरेच महिने घेऊन एकदम बंद केल्या तर काही दिवस आम्ल उसळून येऊ शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. काही वेदनाशामक आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनीही जळजळ होते. तशी शंका आली तर स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

आणि घास अडकतोय, वजन आपोआप घटतंय, उलटीत रक्त दिसतंय किंवा शौचाला डांबरासारखं काळं होतंय, तर हे घरगुती उपाय बाजूला ठेवा. रक्त किंवा काळी शौच असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाकी तक्रारींसाठीही लवकर वेळ घ्या. बहुधा दुर्बिणीने तपासणी करायला सांगतील.