टेबलाच्या अलीकडून

नमस्कार मंडळी. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मी पर्सोनेल खात्यात होतो. भरती मेळ्यात टेबलाच्या अलीकडे बसण्यात माझी बरीच नोकरी गेली. आजचा विषय आहे, मेळाव्यात छाप कशी पाडावी.

आता बडोद्यात व्याख्यान आणि सयाजीराव महाराज नाहीत, असं कसं चालेल? १८९२ साली महाराज लंडनमध्ये होते. तिथे अरविंद घोष नावाचा वीस वर्षांचा मुलगा. आयसीएसची, म्हणजे इंडियन सिव्हिल सर्व्हिसची, लेखी परीक्षा पास, पण घोडेस्वारीच्या परीक्षेला गेलाच नाही, म्हणून बाद. आपल्या दांडिया बाजारात असता तर चार काकांनी मिळून त्याचं डोकं खाल्लं असतं. जेम्स कॉटन नावाच्या गृहस्थांनी मध्ये पडून महाराजांकडे त्याच्या नोकरीचा महिना २०० रुपयांवर सौदा जमवला. महाराज मग लोकांना सांगत सुटले, दोनशेत सिव्हिल सर्व्हिसचा माणूस मिळाला! १८९३ मध्ये अरविंदबाबू इथे आले. सर्व्हे सेटलमेंट, स्टॅम्प, महसूल अशी खाती फिरून शेवटी कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवू लागले. पारखी महाराजांनाही माणसाची जागा सापडायला वेळ लागला, मग आमच्यासारख्यांना दहा मिनिटांत काय कळणार?

म्हणून माझं म्हणणं असं की कागद बोलत नाही, हात बोलतात. आणि हात बोलू देत नाहीत ते वडील! (हसू नका, इथे बरेच बसलेत.) एकदा आयटीआयचा फिटर मुलगा आला. लॅमिनेशन केलेल्या मार्कशीटांची थप्पी वडिलांच्या काखेत. मी विचारलं, काय काय बनवलंस? वडील म्हणाले, "बोल ना रे," आणि लगेच स्वतःच बोलायला लागले. टक्के, शाळा, मामाची ओळख, सगळं झालं. मुलगा मान खाली घालून उभा. कागद उडू नयेत म्हणून मी टेबलावर व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, ठेवला होता. वडील पाणी प्यायला गेले तसा त्याने तो उचलला, जबडे मिटवले, उजेडाकडे धरून आधी झिरो एरर, म्हणजे मिटल्यावर बरोबर शून्य दाखवतो का ते, बघितला आणि मगच माझ्या पेनाची जाडी मोजली. मोजायच्या आधी झिरो बघणारी पोरं फार नसतात हो. मी तिथेच त्याच्या नावापुढे खूण केली. वडील परत येऊन पुन्हा मामावर आले ते आले...

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं, बटाटेवडे गार होतायत म्हणे. बरं, भराभर सांगतो. सकाळी पहिल्या तासात जा, दुपारनंतर आम्ही टेबलवाले जांभया देत असतो. कंपन्यांची यादी आधी बघून दोन-तीनच धरा. बायोडेटाच्या साध्या प्रती न्या, मोबाइल नंबर चालू असलेला द्या. नावानंतर लगेच सांगा, हाताने काय केलंय ते. नुसतं परमनंटचं विचारू नका, १९६१ च्या कायद्याखालचे अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, घेताय का तेही विचारा. शिफ्ट आणि स्टायपेंड विचारायला लाजू नका. गुजरातीत बोला, व्याकरण चुकलं तरी चालतं. समोरच्याचं नाव लिहून घ्या आणि दोन दिवसांनी फोन करा. कपड्यांचं राहिलंच. इस्त्री असली की झालं, टाय नको.

प्रश्न चहाच्या वेळी घेतो. विचारायचे मात्र मुलांनीच.