कुरमुरा कसा उचलला?

अंगणवाडीच्या ताई, तुमच्यापैकी एकीनं चिठ्ठी पाठवलीय, बाळ विकासात मागे पडतंय हे ओळखायचं कसं? मी मुलांचा डॉक्टर, माझ्या खिशात कायम कुरमुऱ्यांची पुडी असते, तिथूनच सुरुवात करतो. दहा महिन्यांच्या बाळापुढे एक कुरमुरा ठेवतो. घरचे म्हणतात, "उचलला की!" मी बघतो, कसा उचलला. अख्ख्या पंज्यानं खरवडून ओढला, की अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरला? (तोंडात जायच्या आत काढून घ्यायचा, घशात अडकतो.)

एकदा आठ महिन्यांची मुलगी आली होती, ती लसीसाठी. आजी कौतुकानं म्हणाल्या, "ही आजोबांवर गेलीय, डावखुरी आहे." मी खुळखुळा मुद्दाम तिच्या उजव्या बाजूला धरला. तिनं डावा हात आडवा आणून घेतला. उजवी मूठ मिटलेली, अंगठा आत. पहिल्या वर्षात बाळ डावखुरं नसतं आणि उजवंही नसतं. एकच हात पुढे येत असेल, तर दुसरा का येत नाही ते शोधायचं. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या, म्हणजे उजवा हात चालवणाऱ्या बाजूला जुनी इजा दिसली. आजींनी पाहिलं होतं ते अगदी खरं होतं, अर्थ तेवढा चुकला.

उलट कधी उगाच घाबरवलंही जातं. ३२ आठवड्यांना, म्हणजे दोन महिने आधी जन्मलेलं, काचेच्या पेटीत राहिलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तरी त्याच्याकडून चार महिन्यांचीच अपेक्षा ठेवायची. दोन वर्षांपर्यंत हा हिशोब धरतात.

थाळी वाजवून कान तपासू नका. बहिरं बाळही सावली हलली, फरशी थरथरली की वळतं. शंका असेल तर बेरा तपासणीच हवी, आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते ती यंत्रानं बघते.

आता तुमचं काम आणि आमचं काम. बाळाचा विकास बघायचा त्रिवेंद्रमचा तक्ता १७ प्रश्नांचा आहे, तो फक्त चाळणी लावतो, कुणाला पुढे तपासायचं एवढंच सांगतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं मुलं तपासणारं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि शंका वाटली की मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. तिथे सविस्तर मोजमाप होतं. बडोद्याच्या प्रमिला फाटक यांच्या डासी चाचणीत हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक १६३ बाबी आहेत. त्यातून विकासांक, म्हणजे वयाच्या मानानं बाळ कुठवर आलंय याचा आकडा निघतो. पण आकडा कारण सांगत नाही. ते थायरॉइडमध्ये असेल, कानात असेल, डोळ्यांत असेल. कारण सापडेपर्यंत थेरपी मात्र थांबवायची नाही.

"याचे बाबाही उशिरा बोलले" हे ऐकून घ्या, पण तेवढ्यावर मूल परत पाठवू नका. आणि येत असलेली गोष्ट गेली, बोलणारं मूल गप्प झालं, तर पथकाची वाटही बघू नका.

मूल माझ्याकडे पाठवताना चिठ्ठीवर 'मंद' लिहू नका. 'दीड वर्ष पूर्ण, हाक मारली तर बघत नाही, बोट करून काही दाखवत नाही' असं लिहा. तेवढ्यावर मी त्या मुलाला रांगेतून आधी आत घेतो.