फ्लाइट प्लॅनमध्ये लिहिलं होतं: स्टॉकहोम

28 मे 1987. हेलसिंकीचं माल्मी विमानतळ. पश्चिम जर्मनीचा 18 वर्षांचा माथियास रुस्ट भाड्याच्या सेसना 172 मधून निघाला. फ्लाइट प्लॅनमध्ये, म्हणजे उड्डाणाआधी द्यायच्या माहितीच्या कागदात, त्यानं मुक्काम लिहिला होता स्टॉकहोम.

थोड्याच वेळात विमान पूर्वेला वळलं. कंट्रोलर हाका मारत राहिले, उत्तर आलं नाही. मग ते रडारवरूनही नाहीसं झालं. फिनलंडमधल्या लोकांना एकच शंका आली: विमान समुद्रात कोसळलं. सिपोजवळ पाण्यावर तेलाचा तवंग दिसल्यावर तर ती बळावलीच. पथकांनी पाण्याखालीही शोध घेतला.

रुस्ट त्याच संध्याकाळी मॉस्कोत, क्रेमलिनला लागून उतरला.

त्याच्या धाडसाचे किस्से पुष्कळ सांगितले जातात. मला मात्र त्या शोधणाऱ्या माणसांची आठवण जास्त महत्त्वाची वाटते. एका अनोळखी मुलासाठी, त्यानं लिहून दिलेल्या शब्दावर विसंबून ती समुद्रात उतरली होती.

आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडायची तर सहसा फ्लाइट प्लॅन द्यावा लागतो, मग विमान दोन माणसांचं का असेना. देशादेशांमधल्या नागरी विमान वाहतुकीच्या शिकागो कराराला जोडलेल्या हवाई नियमांतच हे आहे. मार्ग, वेग, उंची, पोहोचायला लागणारा वेळ हे त्यात येतंच. पण आणखी काही रकाने असतात: इंधन किती तास पुरेल, आत माणसं किती, लाइफ जॅकेट आहेत का, विमानाचा रंग कोणता. हे रकाने शोधायला निघणाऱ्यांसाठी आहेत.

पलीकडच्या देशालाही हा कागद हवा असतो. कोण येतंय, हे त्याला आधी कळलं पाहिजे. 1983 मध्ये मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेलं कोरियन प्रवासी विमान पाडलं गेलं, 269 जीव गेले. चार वर्षांनी रुस्टच्या विमानाजवळ सोव्हिएत लढाऊ विमान येऊन गेलं, तेव्हा गोळी सुटली नाही. त्या मुलाचं नशीब थोर.

आज अमेरिका-कॅनडा सीमेवर खासगी वैमानिक रोज ये-जा करतात. अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाला विमानातल्या माणसांची यादी निघण्याच्या किमान 60 मिनिटं आधी वेगळी पाठवावी लागते. नुसता फ्लाइट प्लॅन पुरत नाही. आणि दृश्य नियमांनी, म्हणजे बाहेर नजर ठेवून, उडणाऱ्यानं उतरल्यावर प्लॅन स्वतः बंद करायचा असतो. तो विसरला, तर ठरलेली वेळ उलटून अमेरिकेत अर्ध्या तासानं, कॅनडात तासाभरानं त्याची शोधाशोध सुरू होते.