जॉन्सनचं दुखणं, जॉन्सनच्याच शब्दांत

आज ज्या पेशंटबद्दल बोलणार आहे, तो अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधला. नाव सॅम्युएल जॉन्सन. १७५५ सालचा तो गाजलेला इंग्रजी शब्दकोश याचाच. पण आज कोशकार बाजूला ठेवू. हा माणूस जन्मभर कशाने ना कशाने आजारी होता, आणि आपल्या दुखण्यांबद्दल त्याने जे लिहून ठेवलंय ते वाचलं की वाटतं, त्या काळी डॉक्टरच्या हाताशी असलेलं सगळ्यात चांगलं उपकरण म्हणजे पेशंटची लेखणी.

तारीख १७ जून १७८३. जॉन्सन ७३ वर्षांचा. आदल्या दिवशी तो आपलं चित्र काढून घ्यायला बसला होता, बरंच चाललाही होता. संध्याकाळी इतकं हलकं वाटत होतं, की पुढच्या आयुष्याचे बेत चालू झाले. रात्री जाग आली, उठून बसला, तर डोक्यात एकदम गोंधळ. काही स्पष्ट होईना. किती वेळ? ‘अर्धा मिनिट असेल’ असं तो लिहितो. घाबरला आणि देवाला म्हणाला, शरीराचं हवं ते कर, बुद्धी तेवढी राहू दे. ही प्रार्थना त्याने मुद्दाम लॅटिन पद्यात रचली. का, तर डोकं चालतंय की नाही हे बघायला! ओळी काही धड जमल्या नाहीत. पण त्या धड नाहीत हे मला कळत होतं, तेव्हा बुद्धी शाबूत आहे, असा त्याचा निष्कर्ष. आज न्यूरॉलॉजीचा डॉक्टर पेशंटला शंभरातून सात-सात वजा करायला लावतो ना, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे परीक्षकही पेशंटच.

मग लक्षात आलं की वाचा गेलीय. दारूने माणसाला वक्तृत्व येतं म्हणतात, म्हणून त्याने थोडी घेऊन पाहिली. अंग हलवून, जोर लावून पाहिला. काही उपयोग नाही. तेव्हा चक्क झोपला. उजाडल्यावर नोकराच्या हातात चिठ्ठी दिली. तो बोलत बोलत आत आलेला; समोर बसलेला माणूस तोंडाने सांगायचं सोडून कागद का देतोय, हेच त्याला कळेना. दुसरी चिठ्ठी शेजारच्या ॲलनला. ती लिहिताना, जॉन्सन म्हणतो, माझा हात चुकीची अक्षरं काढत होता. कसा आणि का, ते कळलं नाही.

या एका वाक्यापाशी थांबायला हवं. वाचा जाणं कोणालाही दिसतं. पण मनातलं अक्षर एक आणि कागदावर उतरतंय दुसरंच, हे बाहेरून कोण बघणार? आज आपण सांगू शकतो की मेंदूचा भाषेचा भागच दुखावला होता. त्या वेळी हे सांगणारं शास्त्र नव्हतं. जॉन्सनला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, तरी त्याने ते गाळलं नाही. हा सगळा वृत्तांत दोन दिवसांनी मिसेस थ्रेल या मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात आहे.

डॉक्टर तरी दुसरं काय करणार होते? छातीवर बोटाने ठोकून आवाज ऐकायची पद्धत व्हिएन्नाच्या आउएनब्रुगरने १७६१ मध्ये छापली होती, पण तिची कोणी फारशी दखल घेतली नाही. स्टेथोस्कोप यायला १८१६ उजाडावं लागलं. नाडी, जीभ, लघवी बघायची, आणि पेशंट काय सांगतो ते ऐकायचं. म्हणूनच पेशंटला न बघता पत्रावरून सल्ला देणं त्या काळी कमीपणाचं नव्हतं. लोझानच्या तिसो या डॉक्टरने लोकांसाठी आरोग्याचं पुस्तक लिहिलं, त्यात डॉक्टरला पत्र लिहिताना कोणत्या प्रश्नांची उत्तरं द्यायची याची यादीच दिली. एडिंबरोच्या विल्यम कलनकडे अशा पत्रांचा इतका ढीग यायचा, की आपल्या उत्तरांच्या नकला ठेवायला त्याने जेम्स वॉटचं नकलायंत्र वापरायला घेतलं. हो, वाफेच्या इंजिनवालाच वॉट.

जॉन्सनवर उपचार करणारा हेबर्डनसुद्धा या ऐकण्यातच तयार झालेला. चालताना छातीत आवळल्यासारखं होतं आणि थांबलं की जातं, या दुखण्याला अंजायना हे नाव त्यानेच दिलं. ते वाचून १७७२ मध्ये एका अनोळखी माणसाने त्याला निनावी पत्र लिहिलं: हे मलाही होतं, शिवाय मधूनच तीन-चार सेकंद माझ्या आतले सगळे व्यवहार थांबल्यासारखे वाटतात, मी अचानक गेलो तर माझं शरीर उघडून बघा. थोड्याच दिवसांत तो अचानक गेला. जॉन हंटरने शवविच्छेदन केलं, पण मरणाचं कारण काही हाती लागलं नाही. पेशंटचं सांगणं चोख होतं, सुरी मागे पडली.

जॉन्सनला उपचार काय मिळाले? पाठीवर आणि दोन्ही कानांपासून गळ्यापर्यंत फोड आणणारं मलम. कँथॅरिडीस नावाच्या किड्यांची पूड घालून हे करत. फोडांवाटे आतला दोष बाहेर येतो, ही समजूत. गळ्यावरचे फोड उठेनात. तेव्हा वाचा जाऊन दोनच दिवस झालेल्या या म्हाताऱ्याने औषधं बनवणाऱ्याशी भांडण काढलं आणि मलम एडिंबरोच्या औषधकोशाप्रमाणे करायला लावलं. ‘आता लावलेले दोन माझ्या स्वतःच्या प्रिस्क्रिप्शनचे आहेत’ असं वर कळवतो! मला हे फार आवडतं. तरी यावरून त्या काळाचे गोडवे गाऊ नयेत. पेशंट डॉक्टरशी बरोबरीने वाद घालू शकत होता, कारण खात्रीचं औषध दोघांपैकी कोणाकडेच नव्हतं.

हे मनमोकळं लिहिणं एकदा त्याला महागात पडलं होतं. १७२९ साली, विशीत, त्याला खोल उदासीने घेरलं. त्याने आपली अवस्था लॅटिनमध्ये लिहून डॉक्टर स्विनफेनला दिली. हा त्याचा धर्मपिताही होता. स्विनफेन त्या लिखाणावर इतका खूश झाला की त्याने ते चार जणांना दाखवलं. हेतू वाईट नव्हता, कौतुकच होतं. पण पोराने काळजातलं लिहून दिलेलं, आणि डॉक्टर भाषेला दाद देत फिरतोय. जॉन्सनचं मन त्याच्यापासून जे उडालं, ते पुन्हा पुरतं बसलं नाही.

शेवटच्या वर्षी दम्याबरोबर अंगावर सूज. मार्च १७८४ मध्ये त्याचा मित्र आणि चरित्रकार बॉझवेलने जॉन्सनची हकिकत एडिंबरोच्या डॉक्टरांना लिहून पाठवली. त्यांत कलनही होता. जुलैपासून जॉन्सन लॅटिनमध्ये दुखण्याची रोजनिशी ठेवू लागला, आणि जन्मगाव लिचफील्ड व ॲशबर्न इथून आपल्या डॉक्टर ब्रॉकल्सबीला पत्रं. अफूने दम्याची उबळ थांबते, बसता येतं, कधी पडताही येतं, पण आता तिने चालायचं बळ येत नाही. औषध काय करतं आणि काय करत नाही, दोन्ही सांगितलेलं. सूज उतरवायला रानकांद्याच्या जातीचा स्क्विल होता. लिचफील्डपासून फार लांब नसलेल्या बर्मिंगहॅममध्ये विदरिंग हा डॉक्टर तेव्हा याच सुजेवर फॉक्सग्लोव्ह या फुलझाडाची पानं देऊन नोंदी करत होता. त्याचं पुस्तक आलं १७८५ मध्ये. जॉन्सन १३ डिसेंबर १७८४ लाच गेला. त्याआधी काही तास त्याने पाणी निघावं म्हणून स्वतःच्या पायांवर स्वतःच चिरा मारल्या होत्या.

ब्रॉकल्सबीला लिहिलेल्या पत्रांपैकी एकात तो सांगतो, सध्या फ्लॉयर वाचतोय. सर जॉन फ्लॉयर हा लिचफील्डचाच जुना डॉक्टर. जॉन्सन अडीच वर्षांचा असताना गंडमाळेवर राणी ॲनचा हस्तस्पर्श घडवा, असा सल्ला देणारा हाच (राजा-राणीच्या स्पर्शाने ती बरी होते, ही तेव्हाची समजूत). आणि नाडी मोजण्यासाठी एक मिनिट चालणारं घड्याळ करवून घेणाराही हाच. फ्लॉयरला स्वतःला दमा होता, त्यावर त्याने पुस्तक लिहिलं होतं. जॉन्सनचा शेरा: पुस्तकात शिस्त नाही म्हणून ते दुर्बोध झालंय, आणि याचा दमा माझ्या जातीचा वाटत नाही. जॉन्सनच्या मृत्यूनंतर शवविच्छेदनात छाती उघडली, तेव्हा फुप्फुसं नेहमीसारखी आक्रसली नाहीत, हवेने फुगलेलीच राहिली. एम्फिसीमा, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या कायमच्या फुगून राहण्याचा विकार. डॉक्टर मॅथ्यू बेलीच्या रोगट अवयवांच्या चित्रसंग्रहात या विकाराचं जे चित्र आहे, ते जॉन्सनच्याच फुप्फुसाचं असावं असं मानतात. दम्याच्या जातीबद्दलचा त्याचा अंदाज खरा ठरला.